गच्चीवरची डिश, अपडेट ४: एप्रिलने तोंडावर पाडलं

मंडळी, दोन महिने काही टाकलं नाही, कारण डिश (आरशांनी ऊन पातेल्याखाली गोळा करणारी सौरचूल) नीट चालत नव्हती आणि दोष कुठेय तेच कळेना. डिश तीच, १.४ मीटरची, म्हणजे साधारण दीड चौरस मीटर आरसा. जानेवारीत २ लिटर पाणी १७ मिनिटांत खळखळ उकळलं होतं, म्हटलं सोलापूरचा एप्रिल येऊ दे, ४२ डिग्रीत तर दहा मिनिटांत काम होईल. कसलं काय, २९ मिनिटं! आरसे पुसले, फोकस परत लावला, नट आवळले, तरी २६ च्या खाली येईना.

मग डोकं वर केलं. अंगठ्याने सूर्य झाकला की जानेवारीत पार कडेपर्यंत निळं दिसायचं, आता सगळं दुधाळ. घोळ तिथेच. सूर्याची चकती जेमतेम अर्ध्या अंशाची आणि डिश फक्त तिथून सरळ येणारे किरण पातेल्याखाली गोळा करते, धूळ-धूर-पातळ ढगांनी विखुरलेला उजेड आरशावर पडतो खरा पण पातेलं चुकवून भलतीकडेच जातो. शेजारच्या ४० वॉटच्या साध्या सोलर पॅनेलला तोही चालतो. परवा सूर्याला खळं पडलेलं, पॅनेल मजेत आणि डिशवरचं पाणी नुसतं कोमट. आता मी आधी स्वतःची सावली बघतो, कडा धारदार नसेल तर पातेलं चढवतच नाही.

बाहेर गरम असल्याचा फायदा आहे, पातेल्यातून उष्णता कमी सुटते, पण तो चिल्लर. वारा मात्र वैरी. पातेलं गार करतो ते करतो, वर डिश हलवतो आणि उजेडाचा ठिपका पातेल्याच्या कानावर जाऊन बसतो (कान एकदा चटचटून काळा झालाय, हात लावला असता तर बोंबललो असतो). पत्र्याचा आडोसा केल्यावर ३ मिनिटं वाचली.

शिर्डीच्या प्रसादालयात १६ चौरस मीटरच्या ७३ डिश आहेत, २००९ पासून, पण त्यांनी शहाणपणा केला, आधीच्या स्टीम सिस्टिमलाच (बॉयलरच्या वाफेवर शिजवतात ती) जोडल्या, त्यामुळे मळभ आलं तरी भात अडत नाही. आपल्याकडे बॅकअप म्हणजे खालचा गॅस आणि घरच्यांचे टोमणे.

काल संध्याकाळी वळीव कोसळला. आज साडेदहाला अंगठ्याच्या कडेपर्यंत निळं, बाहेर ३३ डिग्री, १८ मिनिटं.