उचंत खातं

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तिथून हे सुरू झालं. साखर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह जरा कमी, पण ते आमच्या सोसायटीत सगळ्यांचंच कमी आहे. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं होतंय काय?" आता काय सांगायचं? दुखत काही नाही. मुलगा मार्गी लागलाय, घराचे हप्ते फिटलेत, कुपवाडच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात अकाउंट्स बघतो, ती नोकरीही शाबूत आहे. तरी सकाळी चहाचा कप हातात घेतला की वाटायचं, कुठेतरी हिशोब जुळत नाहीये.

भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "मामा, तू जर्नलिंग कर." मी म्हटलं, अगं, गेली एकतीस वर्षं मी जर्नलच लिहितोय. तिला विनोद कळला नाही. कॉमर्सवाल्यांखेरीज तो कुणाला कळतही नाही. जर्नल म्हणजे आमची रोजकीर्द, दिवसाचे व्यवहार घडतील तसे लिहायची वही. मग तिनं जरा गंभीरपणे सांगितलं, की जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टी लिहायला लावल्या. ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं, हे दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याकडे कमी फिरकले. नुसतं काय घडलं तेवढंच लिहिणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. ही शेवटची गोष्ट मी तेव्हा कानाआड केली.

औषध दुकानातून मिळालेली डायरी होतीच. एक जानेवारीपासून लिहायला लागलो. रोज रात्री जेवण झाल्यावर पाच-सात ओळी. बायको पहिले दोन दिवस म्हणाली, "अहो, माझ्याबद्दल काय लिहिताय ते दाखवा तरी." तिसऱ्या दिवशी तिनं दाखवा म्हणणंही सोडलं, इतकं ते रटाळ होतं. ऑफिसात अमुक झालं, गुडघा दुखला, मुलाचा फोन आला नाही, विश्रामबागला ट्रॅफिक. चार महिने हे नेमानं चाललं आणि मनात काडीचाही फरक पडला नाही.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली होती म्हणून डायरी मागून पुढे वाचत बसलो आणि एकदम माझे वडील आठवले.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. बैठी गादी, पुढ्यात उतरतं डेस्क आणि त्यावर लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचो, तेव्हा पंखा चालू असूनही ते हळदीच्या पोत्यांच्या धुळीनं पिवळे झालेले असायचे. सकाळची श्री शिल्लक, म्हणजे कालची उरलेली रोकड, मांडायची, मग दिवसभर जे जसं घडेल तसं कीर्दीत उतरवायचं: तोलाई, हमाली, अडत, कुणा शेतकऱ्यानं नेलेली उचल. पण खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. कीर्दीतली एकेक रक्कम उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर ओढायची. मी विचारायचो, एकदा लिहिलंय ते परत कशाला लिहायचं? ते म्हणायचे, "कीर्द कितीही वाच, कुणाकडे किती येणं आहे ते कळतंय का?"

माझी डायरी म्हणजे नुसती कीर्द होती. चार महिन्यांत एकही रक्कम मी खतवली नव्हती.

पेन्सिल घेतली. पण रक्कम म्हणून काय ओढायचं? वाचताना एक शब्द सारखा डोळ्यांत खुपत होता. ज्या दिवशी काही बिनसलं असेल त्या दिवशीची नोंद मी "असो" म्हणून बंद केलेली. मराठीत या शब्दासारखं झाकण नाही. खाली काय उकळतंय ते कुणाला दिसत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा. मी सगळे "असो" मोजले. त्र्याऐंशी निघाले.

मग खाती पाडली. माझी खात्री होती की निम्म्याहून जास्त ऑफिसच्या खात्यावर पडणार. राजीनाम्याचा मसुदा मार्चपासून मेलमध्ये तयार होता, म्हणून सांगतो. ऑफिसचे अकरा निघाले, त्यातले सात हे त्या त्या महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे. ते जीएसटी रिटर्नचे. त्याला आयुष्याबद्दलचं असमाधान म्हणत नाहीत, त्याला विसावी तारीख म्हणतात. तब्येतीचे नऊ, पैशांचे सहा, मुलाचे पाच. उरले बावन्न, आणि त्यांना खातंच सापडेना.

पैसे आले पण कुणाचे ते कळलं नाही, किंवा गेले पण कशापायी ते मालक सांगत नाहीत, की वडील ती रक्कम उचंत खात्यात टाकायचे. खुलासा झाला की योग्य जागी हलवायची. आणि पाडव्याला नवी वही पूजेला ठेवायच्या आधी उचंत मोकळं झालंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी दिवाळीच्या तोंडावर ते रात्री अकरापर्यंत दुकानात असत. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा, जुळली नाही तर फरकाला आधी नऊने भाग जातो का बघायचे. जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, चोपन्नचे पंचेचाळीस झालेत. तेवढंच शोधायचं.

मी ते बावन्न घेऊन बसलो. "सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त यंदाही माझ्याकडेच. असो." "मेहुण्याच्या मुलाचं रिटर्न भरून दिलं, रविवार गेला. असो." "सगळ्यांचं गणपतीपुळे ठरलं. असो." अठरा फेब्रुवारीला लिहिलं होतं, "रात्री झोप नाही, त्यामुळे दिवसभर चिडचिड. असो." आदल्या दिवशीचं पान उलटलं. सतरा तारखेला संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी व्हाउचरांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन आले होते. म्हणजे आकडे उलटे पडले होते. चिडचिड आधीची होती, झोप नंतर गेली. असे उलटे पडलेले आणखी आठ-नऊ सापडले.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती, आणि ती माझ्यासारख्यानं करावी याची लाज वाटली. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या धर्मगुरूनं छापून ठेवलेली द्विनोंदी पद्धत मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो, की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे, एक जमा. माझ्या डायरीत बावन्नच्या बावन्न नोंदी एकेरी होत्या. कोण आलं, काय मागितलं, ते होतं. मी काय म्हणालो, ते एकदाही नव्हतं.

आठवून आठवून समोर लिहीत गेलो. "चालेल." "चालेल की." "चालेल, बघतो मी." गणपतीपुळ्याच्या वेळी तर "मला काय, कुठेही चालेल." मला खरं तर बदामीला जायचं होतं. ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तर लोकांनी ओळखायचं कसं?

वडिलांची जुनी पत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, मी पुण्याला कॉलेजात असतानाची. त्या काळच्या पत्रांत "असो" हा विषय बदलायचा शब्द होता, तेव्हा त्याचं मी काही मनावर घेत नाही. तरी एक पत्र काढून पुन्हा वाचलं. "मालकांनी यंदाही पगाराचं काही काढलं नाही. असो. तू दूध घेत जा." दुकानाचं उचंत दर पाडव्याला मोकळं करणारा माणूस हा. मी पत्र घडी करून जागेवर ठेवलं.

आता डायरीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे काय झालं, उजवीकडे मी काय म्हणालो आणि मला काय म्हणायचं होतं. भाचीला दाखवलं तर म्हणाली, "अरे मामा, मी हेच तर सांगत होते." राजीनाम्याचा मसुदा अजून मेलमध्ये आहे, पण बरेच दिवस उघडलेला नाही.

जुलैत गणपती मंडळाचा कार्यकर्ता आला. मंडळाचा जमाखर्च गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. या वेळी मी तयारी केली होती. गुडघा, ऑफिसचं ऑडिट, तरुणांना संधी, असं सगळं मनात मांडून ठेवलेलं. तो म्हणाला, "काका, यंदाचं पावतीपुस्तक—" मी म्हटलं, "यंदा नको. मला नाही करायचंय." घसा कोरडा पडला होता. तो म्हणाला, "बरं काका," आणि बुलेटला किक मारून गेला. का, म्हणूनसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीनं ते घेतलंय आणि ती सगळं मोबाईलवर करते.

रात्री रेघ मारली. डावीकडे लिहिलं, उजवीकडे लिहिलं. जे म्हणायचं होतं तेच म्हटलं होतं, दोन्ही बाजू जुळत होत्या, तरी थोडं वाईट वाटत होतं. "असो" लिहायला हात गेला, तो आवरला. कोणत्या खात्यावर ओढायचं ते काही ठरेना. शेवटी पेन्सिलीनं कडेला बारीक "उ" काढून ठेवला. पाडव्याला अजून वेळ आहे.