मे महिन्यात अमळनेरला एफ-२२ रॅप्टरचं मॉडेल केलं, माझा अनुभव

याआधी मी सात-आठ विमानं केलीत, सगळी दुसऱ्या महायुद्धातली. त्यात जोड थोडा दिसला तरी रिवेट, पॅनेलच्या रेघा, धुराची काजळी यात खपून जातो. रॅप्टर म्हणजे अमेरिकेचं लढाऊ विमान, त्यात काहीच खपत नाही. रडारला सापडू नये म्हणून अख्खं अंग गुळगुळीत, मिसाईलं पोटात, कडा मोजक्याच दिशांना वळलेल्या, त्यामुळे एक फट राहिली की नजर तिथंच जाते.

किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, १/७२ स्केलचं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. खरं विमान १८.९२ मीटर लांब, म्हणजे मॉडेल झालं साधारण २६ सेंटीमीटर.

भाचा सुट्टीला आलेला होता, तो कंपासपेटी घेऊन बसला आणि म्हणाला, मामा, पंखाची पुढची कड आणि मागच्या छोट्या पंखाची कड सारखीच तिरपी आहे. बरोबर होतं त्याचं, दोन्ही ४२ अंशांवर आहेत, कडा अशा एका दिशेत ठेवल्या की रडारच्या लहरी ठराविक दिशांनाच परत फेकल्या जातात, बाकीकडून विमान जवळजवळ गप्प. मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर तोच कोन आखून कापून घेतला आणि प्रत्येक पंख चिकटवताना तो लावून बघितला. डावा मागचा पंख दोनदा काढावा लागला.

सगळ्यात जास्त वेळ हवेच्या बोगद्यांनी खाल्ला. इंजिनाचं तोंड समोरून दिसू नये म्हणून खऱ्या विमानात ते वाकडे नेलेत, किटमध्ये दोन अर्धे तुकडे जोडायचे आणि जोड नेमका आत, जिथं ना बोट जातं ना पॉलिश पेपर. शेवटी पांढरा रंग पातळ करून आत ओतला, फिरवला, दुसऱ्या तोंडानं निथळू दिला. असं तीन वेळा केल्यावर जोड बुजला. पोटाचे दरवाजे मी बंदच ठेवले, पण ते उघडे ठेवायच्या हिशोबानं बनवलेले असतात, बंद केले की बसत नाहीत, मग पुटी भरा, घासा, परत भरा, यात चार दिवस गेले.

आणि रंग. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन सांगायला नको, पारा ४४ च्या पुढे, दुपारी एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारायचं पेन) धरला तर रंग मॉडेलवर पोचायच्या आधीच हवेत वाळला आणि पंख हाताला रव्यासारखा लागायला लागला. कूलर लावला तर वाळ्याची तुसं ओल्या रंगावर येऊन बसली. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. २००० नंबरच्या पेपरनं पाण्यात सगळं घासून काढलं, रंग सावकाश वाळावा म्हणून त्यात रिटार्डर घातलं, आणि पहाटे साडेपाचला, कूलर बंद करून, एअरब्रश जरा जवळून धरून मारलं. तेव्हा बसला रंग. रॅप्टरचे दोन करडे रंग असतात आणि त्यात धातूची हलकी चमक असते, त्यामुळे खिडकीकडे धरलं की एक रंग, सावलीत दुसरा. ते पहाटेच्या उजेडात पहिल्यांदा दिसलं तेव्हा भाच्याला झोपेतून उठवून दाखवलं.

काचेला सोनेरी झाक द्यायला पारदर्शक पिवळ्यात थेंबभर स्मोक, म्हणजे धुरकट पारदर्शक रंग, घातला. ही काच सुपरग्लूनं लावू नका, त्याच्या वाफेनं ती आतून धुरकट होते, माझ्या एका जुन्या विमानाची तशी गेलीय. पांढरा गोंद लावा, वाळला की दिसत नाही.

डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे, एका संध्याकाळी झाले. मग माय आली, चष्मा लावून पंखावरून बोट फिरवत राहिली आणि म्हणे, "जोड कोठे शे रे याले?" पोटाच्या दरवाजापाशी केसाएवढी एक फट राहिलीय अजून, विमान उलटं करून तिला ती दाखवली.