मे महिन्यातलं सोलापूर आणि तीन दिवसांत पाच मॅच: बास्केटबॉल संघ तयार करण्याचा माझा अनुभव

उन्हाळी स्पर्धेचं वेळापत्रक बहुतेक सारखंच असतं. शुक्रवारी संध्याकाळी एक मॅच, शनिवारी दोन, रविवारी सकाळी सेमी आणि संध्याकाळी फायनल. शुक्रवारी सगळेच संघ चांगले दिसतात. शनिवारी संध्याकाळी, तिसऱ्या क्वार्टरपासून, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडायला लागतात. गुडघे वाकत नाहीत, पायाचा जोर मिळत नाही आणि नुसत्या हाताने ढकललेला चेंडू तिथवर पोचत नाही. म्हणून सोळा वर्षांखालच्या मुलांच्या सहा आठवड्यांच्या शिबिरात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे मी एकाच प्रश्नावरून ठरवतो: रविवारी संध्याकाळी पोरांच्या पायात काय शिल्लक राहणार?

सुरुवात उन्हापासून करावी लागते. एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४२-४३ अंश ही रोजची गोष्ट होते. हवा कोरडी असल्यामुळे घाम अंगावर दिसतच नाही, लगेच वाळतो. आपलं किती पाणी गेलं, हे पोरांना कळत नाही. जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात आपली बहुतेक कोर्टं सिमेंटची. दिवसभर तापलेलं सिमेंट सूर्य मावळल्यावरही बराच वेळ खालून झळ देत राहतं. म्हणून संध्याकाळी पाचचा सराव मी पूर्ण बंद केला. सकाळी पावणेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी सात ते सव्वाआठ, दिव्याखाली. संध्याकाळचं सत्रही आठवड्यातून तीनच दिवस.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. ही सवय घाईने होत नाही आणि सुटते मात्र लवकर. पहिले चार दिवस ४५ मिनिटं, तीही निम्म्या जोराने. मग रोज दहा-दहा मिनिटं वाढवत दहाव्या-अकराव्या दिवशी पूर्ण पावणेदोन तास. अडचण येते ती लग्नसराईत. मामाच्या गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेला मुलगा ताजातवाना दिसतो, आणि त्याच उत्साहात पहिल्याच दिवशी पूर्ण सराव करून चक्कर येऊन बसतो. अशा मुलाला तीन दिवस अर्धाच सराव द्यायचा, तो कितीही ‘सर, मी ठीक आहे’ म्हणाला तरी. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्याला दोन दिवस पूर्ण विश्रांती.

या सगळ्याचा हिशेब एका वहीत राहतो. डिजिटल वजनकाटा, अंगावर फक्त चड्डी, अंग टॉवेलने कोरडं करून सरावाआधी आणि नंतर वजन. एका पानावरची एक ओळ अशी: आधी ५२.०, नंतर ५१.१, मध्ये प्यायलेलं पाणी अर्धा लिटर. म्हणजे पावणेदोन तासांत १.४ लिटर घाम गेला आणि वजनातली घट ०.९ किलो, पावणेदोन टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे घट गेली की पाय जड होतात आणि डिफेन्समध्ये मुलगा अर्धं पाऊल मागे राहायला लागतो. जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या चार तासांत, थोडं थोडं करून प्यायचं. या मुलाला सव्वा लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन नेहमीपेक्षा अर्धा किलोहून जास्त कमी असेल तर त्या दिवशी अर्धा सराव. आणि सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं तर तेही चुकीचंच, नुसतं साधं पाणी पोटात ओतलं जातंय. काही दिवसांनी पोरं स्वतःच वहीत मागची पानं काढून बघायला लागतात, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

ओआरएसबद्दल एक चूक फार घट्ट बसली आहे. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवून पाजतात. इतकं दाट पाणी पोटात गेलं की मळमळ होते, तहान वाढते आणि कधी जुलाबही होतात. पाकीट फाडायच्या आधी बाटलीत पूर्ण एक लिटर पाणी मोजून घ्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाटच. शीग लावून भरला की प्रमाण बिघडलं. मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हंही सरावानंतर उत्तम. गाडीवरचा उसाचा रस मात्र स्पर्धेच्या आठवड्यात पूर्ण बंद, त्यातल्या बर्फाची खात्री नसते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ‘कोर्टावरच्या नळाला भरून घेऊ’ हा भरवसा नको. चौदा मुलं, प्रत्येकी दीड लिटर, म्हणजे २१ लिटर नुसतं प्यायला. वीस लिटरचे दोन जार लागतातच; उरलेलं पाणी बादलीत जातं.

ही बादली बेंचच्या शेजारी ठेवायची, अर्धं पाणी, अर्धा बर्फ, आणि त्यात आपले सोलापुरी टॉवेल. जाड टेरी कापड पाणी धरून ठेवतं. टॉवेल बादलीतून काढून हलकासा पिळायचा, पाणी निथळत राहिलं पाहिजे, आणि मान, डोकं, दोन्ही हातांवर मिनिटभर टाकायचा. अंगावर टाकलेला टॉवेल दोन-तीन मिनिटांत कोमट होतो आणि मग तो उलट ऊब धरतो. म्हणून सहा टॉवेल घ्यायचे आणि तीन कायम बादलीत ठेवायचे. बेंचवर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी स्कोअर विचारतो. चुकीचं उत्तर, अडखळणं, तोल जाणं, उगाच चिडणं यातलं काही दिसलं तर त्याचा खेळ तिथेच संपला. बरळायला लागला तर आधी सावलीत आडवा करून सगळं अंग भिजवायचं, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवायचा, वारा घालायचा. त्याच वेळी दुसऱ्याने गाडीची सोय करायची. गाडीची वाट बघत थंड करणं थांबवलं तर नुकसान होतं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आता कोर्ट आणि चेंडू. पहिल्याच दिवशी टेप घेऊन रिंगची उंची मोजावी: ३.०५ मीटर. लोंबकळून रिंग पुढे झुकलेली असते, किंवा कोर्टावर सिमेंटचा नवा थर पडल्याने तीन-चार सेंटिमीटर कमी भरते. अशा रिंगवर सहा आठवडे शॉट घोटला की स्पर्धेच्या कोर्टावर तोच शॉट आखूड पडतो. दुसरं, तीन गुणांची रेषा. ती २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटर झाली आणि समलंब डीच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) जागी आयताकृती डी आली, पण जुन्या कोर्टांवर अजून जुनाच रंग दिसतो. खडू आणि दोरी घेऊन नवी रेषा आखायला अर्धा तास पुरतो. कोपऱ्यात ती बाजूच्या रेषेपासून ९० सेंटिमीटर आत, सरळ.

मुलांना ७ नंबरचा चेंडू, मुलींना ६ नंबरचा. दोन्ही संघ एकाच चेंडूवर सराव करत असतील तर मुलींचं नुकसान होतं, हे सरळ सांगतो. हवेचा दाब चेंडूवर छापलेला असतो, बहुधा ७ ते ९ पीएसआय. गेज नसेल तर १.८ मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण १.२ ते १.४ मीटर उसळला पाहिजे. दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेला चेंडू दगडासारखा होतो. तेव्हा हवा काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बसका निघतो. हवा नेहमी सकाळच्या गारव्यात तपासावी आणि सुई ओली करूनच घालावी, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

बुटांचं थोडक्यात. रनिंगच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. तळवा सपाट आणि खाचांचा हवा. कोर्टाच्या कडेला ओलं पोतं टाकून ठेवलं की धुळीचे तळवे पुसता येतात. सिमेंटवर उड्यांचा भार मोजून द्यावा लागतो. उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखत असेल तर त्याच्या उड्या लगेच कमी करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचं. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तसंच खेळवलं की तो हंगाम हातचा जातो.

खेळात नवीन किती शिकवायचं? माझ्या मते अगदी थोडं. सहा आठवड्यांत तीन गोष्टी पक्क्या होतात, आठ होत नाहीत. पहिली म्हणजे प्रेस (समोरचा संघ कोर्टभर अंगावर येऊन चेंडू अडवतो तो बचाव) फोडणं, कारण या वयोगटात निम्मे गुण प्रेसमध्ये हरवलेल्या चेंडूंवर जातात. थ्रो-इन करणारा, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणारा, रिंगच्या बरोबर मागे उभा राहतो आणि बोर्ड आडवा येतो. त्याने डीच्या बाहेर, एका बाजूला सरकून उभं राहायचं. बास्केट झाल्यावरच्या थ्रो-इनला मागच्या रेषेवर धावता येतं, फाउल किंवा आउटनंतर येत नाही, हा फरक पोरं गडबडीत विसरतात. पहिला पास घेणाऱ्याने कोपऱ्याकडे ड्रिबल करायचा नाही, तिथे दोन रेषा आणि दोन खेळाडू मिळून त्याला कोंडतात. थांबायचं, पिव्हट घेऊन (एक पाय रोवून, त्यावर फिरून) समोर तोंड करायचं, मधल्या गोलाजवळच्या खेळाडूला पास द्यायचा आणि तिथून उलट्या बाजूला. पुढच्या हाफमध्ये जायला आठ सेकंद असतात. तीन पासमध्ये हे चार सेकंदांत होतं आणि पळणंही वाचतं.

दुसरी गोष्ट २-३ झोनविरुद्ध, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन उभे राहून आपापली जागा राखणाऱ्या बचावाविरुद्ध खेळणं. समोर बहुतेक झोनच येतो. एक खेळाडू फ्री थ्रो रेषेवर उभा करायचा. चेंडू तिथे पोचला की मधला बचावपटू बाहेर यायलाच हवा, आणि तो आला की त्याच्या मागची बेसलाइन मोकळी. तिसरी गोष्ट डिफेन्समधलं बोलणं. आमच्या पोरांत कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी. घाईत प्रत्येक जण घरच्या भाषेत ओरडतो आणि शेजारच्याला समजत नाही. म्हणून चारच शब्द ठरवले: बॉल, हेल्प, डावा, उजवा. कोर्टावर दुसरा शब्द नाही.

फ्री थ्रोचा सराव लागोपाठ दहा मारून होत नाही, मॅचमध्ये दोन किंवा तीनच मिळतात आणि तेही धाप लागलेली असताना. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाव, लगेच दोन थ्रो. असे दहा वेळा, आणि आकडा वहीत. आखूड पडायला लागले की ‘जोरात मार’ म्हणू नये. ‘गुडघा वाकव’ एवढंच सांगावं.

पाचव्या आठवड्यात सरावाच्या मॅच. इथे एक पद्धत मी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, समर लीगकडून घेतली. लास व्हेगासमध्ये २००४ पासून होणाऱ्या त्या स्पर्धेत नव्या खेळाडूंची तयारी होते. तिथे क्वार्टर दहा मिनिटांचे असतात आणि खेळाडू दहा फाउलपर्यंत बाहेर जात नाही, कारण शिकायला आलेला मुलगा बेंचवर बसून शिकत नाही. आमच्या सरावाच्या मॅचमध्येही दहापर्यंत खेळू देतो, पण स्पर्धेत पाचव्या फाउललाच बाहेर जावं लागतं, म्हणून तो कोणत्या मिनिटाला झाला त्यावर स्कोअरशीटवर वर्तुळ करतो. तिसऱ्या क्वार्टरमध्येच वर्तुळ पडत असेल तर बहुधा पाय थकल्याने हात पुढे जातोय. त्याला डिफेन्सचं व्याख्यान देण्यापेक्षा मिनिटं कमी द्यावीत.

मिनिटांचं गणित आधीच कागदावर हवं. पाच खेळाडू गुणिले मॅचची ४० मिनिटं म्हणजे २०० मिनिटं. दहा जणांत वाटली तर सरासरी वीस. सर्वांत चांगल्याला २५, दहाव्याला किमान १२, आणि सलग सहा मिनिटांपेक्षा जास्त कुणालाच नाही. ‘आमच्याला कमी का?’ असं विचारणाऱ्या पालकांना हा कागद शिबिराच्या सुरुवातीलाच दाखवला की पुढे वाद होत नाही. पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन टाइमआउट असतात, आणि पहिल्या हाफचे न वापरलेले पुढे मिळत नाहीत. म्हणून आपण पुढे असलो तरी ते दोन्ही घेऊन टाकायचे, टॉवेलसाठी.

शेवटच्या आठवड्यात सरावाचा वेळ जवळजवळ निम्मा, वेग मात्र तोच. खाण्यातही नवीन काही नाही. सकाळच्या मॅचच्या दीड तास आधी पोळी-गूळ आणि केळं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आपल्या सगळ्यांना प्रिय, पण शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ घेतं आणि तिखटाने तहान वाढते, म्हणून ते मॅचनंतरच. दोन मॅचच्या मध्ये दहीभात किंवा मऊ खिचडी, मग अंधाऱ्या खोलीत पाय भिंतीला लावून तासभर आडवं. त्या तासात मोबाइल गोळा करून पिशवीत ठेवतो. जन्मदाखला, आधार आणि बोनाफाइडच्या दोन-दोन प्रती आदल्या दिवशीच एका फायलीत.

रविवारी सकाळी सहा वाजता वजनकाटा पुन्हा जमिनीवर येतो. शुक्रवारच्या आकड्यापेक्षा अर्ध्या किलोच्या आत जो आहे, तो सेमीला सुरुवातीच्या पाचांत बसू शकतो. त्याहून जास्त घटलेल्याच्या हातात मोजलेली एक लिटरची बाटली, आणि पहिला क्वार्टर बेंचवर.