न झालेल्या विमानतळावरची पायवाट

मुंबईहून येणाऱ्या माणसाचे न्यू जर्सीतले पहिले पाऊल बहुधा न्यूअर्कच्या विमानतळावर पडते. तो विमानतळ खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून १९२८ साली सुरू झाला, हे मला इथे राहायला येऊन सात वर्षे उलटल्यावर कळले आणि कळले तेही दुसऱ्याच एका दलदलीमुळे. आमच्या पर्सिपनीच्या घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर, मॉरिस काउंटीत, ‘ग्रेट स्वॉम्प’ नावाचे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. नावाचा सरळ अर्थ ‘मोठी दलदल’ असाच होतो, आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उठून चिखल पाहायला कोण जाईल, या एका विचाराने मी ते ठिकाण कित्येक वर्षे टाळले होते.

शेवटी गेलो तो एका एप्रिलच्या सकाळी, कंटाळून. लाँग हिल रोडवर एक साधे वाहनतळ, दोन माहितीफलक आणि स्वच्छतागृह एवढाच थाट होता. प्रवेशशुल्क नाही, तिकीटखिडकी नाही, खाण्यापिण्याची गाडी तर नाहीच. तिथून लाकडी फळ्यांची वाट दलदलीत शिरते. पाण्यापासून हात-दोन हात उंचीवर बांधलेल्या या वाटा सगळ्या मिळून मैलभराच्या असतील, आणि त्यांच्या टोकाशी लाकडी लपणे आहेत, ज्यांच्या फटींतून पक्ष्यांना आपली चाहूल न देता त्यांना पाहता येते. पहिल्या वळणानंतर गाड्यांचा आवाज मागे पडला आणि मग लक्षात आले की इथे शांतता नाही, गोंगाट आहे; फक्त तो माणसांचा नाही. नखाएवढे बेडूक दिवसाढवळ्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा एकाच वेळी हलवाव्यात तसा, अखंड किणकिणाट करत होते. गेल्या वर्षीच्या वाळक्या बोरूच्या शेंड्यावर बसलेला एक काळा पक्षी दर वेळी ओरडताना खांदे फुगवी आणि त्या खांद्यांवरचे लाल पट्टे निखाऱ्यासारखे उघडे पडत. मी जवळ जाताच माझ्या सावलीने बेडकांचा एक पट्टा गप्प झाला, आणि मी हललो नाही तेव्हा दोन-तीन मिनिटांनी एकेक करून पुन्हा सुरू झाला.

ही जागा इतकी ओली का, याचे उत्तर फार मागे जाते. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनदीने आपल्यापुढे ढकललेल्या दगडमातीने इथल्या डोंगररांगेतली खिंड बुजवली आणि पाण्याची वाट अडली. हिमनदी वितळत मागे सरली तेव्हा तिच्या पाण्याचे जवळजवळ तीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असे सरोवर झाले. कालांतराने पाण्याला दुसरी वाट सापडली, सरोवर ओसरले, पण तळाशी साचलेला चिकणमातीचा थर राहिला. त्या थरातून पाणी खाली झिरपत नाही, त्यामुळे पाऊस आणि वितळलेला बर्फ जिथल्या तिथे थांबतो. पसेइक ही नदी आणि तिला मिळणारे चार-पाच ओढे या भागातून इतक्या संथपणे जातात की पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे हे पाहण्यासाठी मला वाळके पान टाकावे लागले.

१७०८ साली ही दलदल धरून तीस हजार एकरांची जमीन मूळच्या डेलावेअर इंडियन लोकांकडून इंग्रजांनी घेतली. मोबदला होता रमचे एक पिंप, पंधरा किटल्या, चार पिस्तुले, चार तलवारी, आणखी काही किरकोळ वस्तू आणि तीस पौंड रोख. व्यवहार या शब्दाला किती अर्थ असू शकतात, हे त्या यादीवरून कळते. पुढे आलेल्या शेतकऱ्यांनी झाडे तोडली, चर खणून पाणी काढून टाकण्याचा प्रयत्न केला, गवत कापून विकले. परंतु जमिनीने त्यांना फारशी दाद दिली नाही आणि शेते हळूहळू सोडून दिली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, मॅनहॅटनच्या टाइम्स स्क्वेअरपासून जेमतेम सव्वीस मैलांवर असलेली ही एवढी मोठी जागा ‘रिकामी’ होती, निदान नकाशा पुढ्यात घेऊन बसणाऱ्यांच्या दृष्टीने तरी.

डिसेंबर १९५९ मध्ये बातमी फुटली की न्यूयॉर्कचे विमानतळही चालवणाऱ्या तिथल्या बंदर प्राधिकरणाला इथे जेट विमानांसाठी दहा हजार एकरांचा नवा विमानतळ हवा आहे. यानंतर जे घडले ते ऐकून आपल्याकडच्या माणसाचा आधी विश्वासच बसत नाही. आसपासच्या गावांतले रहिवासी मोर्चे काढून आणि पत्रे लिहून थांबले नाहीत; त्यांनी वर्गणी गोळा करून ती जमीनच विकत घ्यायला सुरुवात केली. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवून सुमारे तीन हजार एकर त्यांनी खरेदी केले आणि ते केंद्र सरकारला अभयारण्यासाठी भेट म्हणून दिले. सरकारी जमिनीवर दुसऱ्या सरकारी यंत्रणेला सहज हात घालता येत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. ३ नोव्हेंबर १९६० रोजी अभयारण्य जाहीर झाले. या चळवळीच्या आघाडीवर असलेल्या हेलन फेन्स्की यांचे नाव आज प्लेझंट प्लेन्स रोडवरच्या माहिती केंद्राला आहे. अर्थात ही केवळ पाच-पाच डॉलर देणाऱ्यांची लढाई होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मार्सेलस हार्टली डॉज यांच्यासारखे गडगंज श्रीमंत लोक इथले रहिवासी होते, त्यांनी पैसा आणि वजन दोन्ही खर्च केले, आणि ज्यांच्या अंगणावरून विमाने जाणार होती त्यांची अंगणे मोठी होती. हेच संकट एखाद्या गरीब वस्तीवर आले असते तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न ते फलक वाचताना माझ्या मनातून गेला नाही.

विमानतळाची टांगती तलवार तरीही आठ वर्षे राहिली. ती दूर झाली सप्टेंबर १९६८ मध्ये, जेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अभयारण्याचा पूर्वेकडचा भाग कायद्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखून ठेवला. जिथे मोटार, यंत्र, नवा रस्ता, नवी इमारत यांपैकी काहीही येऊ द्यायचे नाही असे ते क्षेत्र, आणि अमेरिकेच्या ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर’ या, सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या, खात्याच्या अखत्यारीतले असे हे पहिलेच. आज अभयारण्याचा एकूण विस्तार साडेसात हजार एकरांहून अधिक आहे.

पूर्वेकडच्या त्या भागात फळ्यांची वाट नाही. तिथे सुमारे आठ मैलांच्या पायवाटा आहेत, त्या निळी, केशरी अशा रंगांच्या नावांनी ओळखल्या जातात, आणि वसंतात त्यांवर घोट्यापर्यंत पाणी असते. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट नसतील तर तिकडे वळू नये. ओक, बीच आणि लाल मेपल यांची दाट झाडी, आडवे पडलेले, शेवाळलेले खोड तसेच ठेवलेले, आणि मधूनच एखाद्या हरणाची पांढरी शेपटी. सायकल नाही, कुत्रा नाही. कुत्र्याला तर अभयारण्यात कुठेच परवानगी नाही, आणि कुत्र्यांना खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या या देशात हा नियम इतक्या शांतपणे पाळला जातो याचे मला अजून नवल वाटते.

एका गोष्टीची मात्र मी स्वतःच्या चुकीतून ताकीद देतो. जून महिन्यात मी अर्ध्या चड्डीवर गेलो आणि छायाचित्रासाठी वाट सोडून गवतात चार पावले शिरलो. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्याच्या मागे खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला, तो पुसला गेला नाही, आणि भिंगातून पाहिले तेव्हा त्याला पाय होते. ही हरणांवर वाढणारी गोचीड. तिच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाला शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या एका गावाचे नाव मिळाले आहे. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची, तेल किंवा जळती काडी असले घरगुती उपाय करायचे नाहीत, आणि पुढचे काही आठवडे ताप किंवा अंगावर पसरणारे लाल वर्तुळ दिसते का यावर लक्ष ठेवायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. मला काही झाले नाही, पण त्यानंतर भर उन्हाळ्यातही मी पँटचे पाय मोज्यांत खोचून चालतो आणि तो वेष कसा दिसतो याची पर्वा करत नाही.

गेल्या वर्षी आई पनवेलहून आली ती मार्चच्या सुरुवातीलाच. थंडी सरू दे, मग ये, हे तिने ऐकले नाही. घरात कोंडून घेतल्याला दहा दिवस झाले तेव्हा तिला दोन स्वेटर आणि माझे जाकीट चढवून ग्रेट स्वॉम्पला नेले. झाडे उघडी होती, पाण्यावर कडेला बर्फाचा पापुद्रा होता, आणि “हे दाखवायला आणलंस?” हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. फळ्यांच्या वाटेवर शंभर पावले गेल्यावर ती एकदम थांबली, कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, “अरे, ही तर शेवळं!”

चिखलातून, बर्फातून वर आलेले, मुठीएवढे, जांभळट-तांबूस रंगाचे आणि हिरव्या ठिपक्यांचे मिटलेले टोपडे होते ते, आणि त्याच्या फटीतून आत पिवळसर गोळा दिसत होता. इथे त्याला ‘स्कंक कॅबेज’ म्हणतात, कारण पान चुरडले की स्कंक या प्राण्यासारखी घाण येते. आईची ओळख अगदीच चुकीची नव्हती. शेवळे ही आपली पावसाळी रानभाजी, सुरण, अळू आणि ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत, खाजही त्याच जातीची आहे. तिने लगेच विचारले की हे कापले तर चालेल का, आणि काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, इथे कुठे मिळतील, कारण काकडांशिवाय शेवळांची खाज जात नाही. मी तिला सांगितले की इथले पानही तोडायला बंदी आहे, आणि हे खाण्याजोगेही नाही. तिने मान हलवली, पण पटले नसावे.

मग मी तिला प्रत्येक टोपड्याभोवतीचा बर्फ दाखवला. सगळीकडे बर्फ होता, आणि त्या फुलाभोवती मात्र वाटीच्या तोंडाएवढे गोल वितळलेले होते. ही वनस्पती मुळांत साठवलेले पिष्ट जाळून स्वतःची ऊब तयार करते आणि बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी असताना फुलाच्या आतले तापमान कित्येक दिवस वीस अंशांच्या जवळ राखते. त्या उबेने वास लांबवर पसरतो आणि वर्षातल्या पहिल्यावहिल्या माश्या आत येऊन परागण करतात. आईने हातमोजा काढला, कठड्यातून हात खाली घातला आणि एका टोपड्याच्या तोंडाशी बोट नेले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आहे रे ऊब. बाळाच्या टाळूसारखी.” नियम मोडल्याबद्दल मी तिला काही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर लपणातल्या बाकावर बसून तिने घरून आणलेला थर्मासमधला चहा घेतला. समोरच्या पाण्यात खांबावर लाकडी पेट्या होत्या. रानबदकांना झाडाची ढोली लागते आणि जुनी पोकळ झाडे कमी झाली म्हणून या पेट्या लावलेल्या असतात. त्यांत जन्मलेली पिल्ले दुसऱ्याच दिवशी आईच्या हाकेसरशी एवढ्या उंचीवरून खाली उड्या टाकतात. हे मी सांगत असताना डोक्यावरून न्यूअर्ककडे उतरणारे एक विमान गेले. तेव्हाच मी तिला विमानतळाची ती सगळी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. पनवेलच्या घराच्या गच्चीवरून तिने उलव्याची टेकडी सुरुंगांनी खाली बसताना पाहिली आहे, उलवे नदीला वळवून दुसरीकडून नेलेले पाहिले आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हा मला फोन करून, आता तू थेट घराजवळ उतरशील, असे आनंदाने सांगणारीही तीच. दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. माझ्याही. “इथल्यांकडे पैसे होते,” एवढेच ती म्हणाली आणि थर्मासचे झाकण लावले.

ऑगस्टमध्ये ती परत गेली. त्याआधी आम्ही आणखी चार वेळा तिथे गेलो, आणि जूनमध्ये रस्त्याच्या कडेच्या खडीत अंडी घालायला आलेली, परातीएवढी मोठी कासवीण तिने गाडी थांबवायला लावून पाऊण तास पाहिली. न्यूअर्कहून तिचे विमान रात्रीचे होते. मुंबईला उतरल्यावर तिने फोन केला, सामान मिळाल्याचे सांगितले, आणि मग म्हणाली की विमान वर चढले तेव्हा खाली सगळीकडे दिवेच दिवे होते, मध्ये एक मोठा काळा तुकडा होता, तेच आपले रान असणार. विमान त्या दिशेने गेले होते की नाही हे मला माहीत नाही. मी हो म्हणालो.