तुम्ही विचारलंत म्हणून: मी व्हिडिओ कॉल का उचलत नाही?

"मावशी, व्हिडिओ कॉल केला की तुम्ही कट करता आणि लगेच साधा फोन लावता. असं का?" पुण्याची भाचरं विचारतात, शेजारची सून विचारते. रागावलात का, असंही एकानं विचारलं. राग अजिबात नाही.

मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चादरीचे व्यापारी ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरमार्फत परगावी जोडायचा फोन, बुक करायचे, ऑर्डिनरी, अर्जंट, फारच घाई असली तर लाइटनिंग. पलीकडच्या पहिल्या "हॅलो"वरूनच कळायचं, मालाची बातमी आहे की घरात कुणी गेलंय. परदेशचा कॉल उपग्रहावरून लागला की मात्र पंचाईत. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचावर, आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद. तेवढ्यानं दोघं एकदम बोलायचे, एकदम थांबायचे, मग नुसतं हॅलो हॅलो. २००९ साली १० भाषांमधली संभाषणं तपासली गेली, तेव्हा दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. गप्पांची सगळी वीण एवढ्याशा फटीत असते. व्हिडिओ अडखळला की तीच उसवते.

शिवाय कॅमेरा वर, तुमचा चेहरा खाली. चेहऱ्याकडे बघितलं तर तुम्हाला वाटतं माझी नजर दुसरीकडेच आहे. कॅमेऱ्याकडे बघितलं तर मला तुम्ही दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलनं येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली. सतत स्वतःचा चेहरा समोर असणं हे त्यातलं एक, पण मला सर्वांत पटलं ते जागेवर खिळून बसण्याचं. साध्या फोनवर मी बोलता बोलता भाकरी थापते. थापण्याचा आवाज ऐकून बहीण पलीकडून विचारते, "ज्वारी मंगळवेढ्याची का गं?"

ही बहीण. भाऊजी गेले त्या आठवड्यात रात्री अकराला तिचा फोन आला. वीसेक मिनिटं आम्ही दोघी काहीच बोललो नाही. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, मधूनच तिचा श्वास. व्हिडिओवर इतका वेळ गप्प राहिलं तर कुणीतरी म्हणणारच, "अडकलं वाटतं, दिसतंय का?" त्या रात्री तिला कुणी बघायला नको होतं, कुणीतरी असायला हवं होतं.

खाणाखुणांनी बोलणाऱ्यांना व्हिडिओ हवाच, त्याबद्दल वाद नाही. बाळ दाखवायचं असेल तर मीही उचलीन, पण आधी एक मेसेज टाका. एरवी संध्याकाळी सातनंतर साधा फोन लावा. तेव्हा तवा तापलेला असतो आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, स्पीकरवर.