आरएक्स १०० चं जाम इंजिन आणि बोअरिंगला अडकलेला ब्लॉक

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाईकचं इंजिन जाम झालं म्हणून घाबरू नका, खोलणं-बांधणं होऊन जातं, जीव जातो तो ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर) बोअर करून, म्हणजे आतून तासून मोठा करून घेण्यात. त्या बोअरिंगच्या दुकानावरून जाताना अजून माझं डोकं फिरतं.

गाडी बाबांची, १९९२ ची. खंबाटकीच्या चढाला मागचं चाक एकदम लॉक झालं, लगेच क्लच दाबला म्हणून वाचलो (टू-स्ट्रोकवर दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय लावाच). प्लगच्या भोकातून डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, पिस्टन सुटला. ब्लॉक काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम बोअरला (ब्लॉकच्या आतल्या भोकाला) चिकटलेलं. स्टँडर्ड बोअर ५० मिमी, आपण ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा पिस्टन घ्यायचं ठरवलं. पिस्टन-रिंग, कनेक्टिंग रॉड किट, ऑइल सील, पॅकिंग सगळं नाना पेठेत मिळालं. क्रँक प्रेस करणाऱ्या काकांनी तर डायल लावून क्रँक सरळ फिरतोय हे काट्यावर समोर दाखवलं.

मग ब्लॉक बोअरिंगला टाकला. पिस्टन दिला तर म्हणे राहू द्या, माप माहितीये. म्हटलं अहो घ्याच, प्रत्येक कंपनीचा पिस्टन थोडा मागेपुढे असतो, स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भागाला) मायक्रोमीटर लावा आणि त्यावर दीड थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप धरून बोअर काढा. हो हो म्हणाला. त्यानंतर रोज उद्या या. ट्रॅक्टरचं अर्जंट काम आलंय, कारागीर गावाला गेलाय, लाईट नव्हती. फोन उचलायचा नाही आणि दारात गेलो की चहा मागवायचा. अहो चहा नको, ब्लॉक द्या! शेवटी मिळाला तर पिस्टनच्या डब्याचं सीलसुद्धा फोडलेलं नाही, म्हणजे माप घेतलंच नव्हतं. तिथेच डबा फोडून पिस्टन रिंगांशिवाय बोअरमध्ये सोडला, अर्ध्यात अडकला. वर मलाच सांगतो, चालवली की लूज होईल. टू-स्ट्रोकमध्ये टाइट पिस्टन म्हणजे परत जाम, यात लूज होण्याचा प्रश्नच नाही! पोर्टच्या (बोअरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) कडेवरून बोट फिरवलं तर ब्लेडसारखी धार. फोर-स्ट्रोकच्या बोअरला पोर्टच नसतात म्हणून यांना सवय नाही, पण इथे रिंग त्या खिडकीवरून जाताना थोडी बाहेर फुगते, धारेत अडकली की तुटलीच. मी तिथून हललो नाही. समोर होनिंग (बारीक घासून बोअर मापात आणणं) करून घेतलं, गेजने माप बघितलं, सगळ्या पोर्टच्या कडा बारीक दगडाने मोडून घेतल्या, तेव्हाच पैसे दिले. तुम्हीही असंच करा, लाजू नका.

जाम होण्याचं कारण निघालं मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) ऑइल सील. कडक होऊन हवा ओढत होतं, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापलं. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून धूर येतो, म्हणून दोन्ही बदला, चांगली दिसली तरी.

बांधणी एका रविवारी झाली आणि थोड्याच किकमध्ये चालू, बाबा जाम खूश! ऑइल पंपातली हवा काढायची राहू देऊ नका, आणि तरीही पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) पेट्रोलमध्ये मिसळाच. सुरुवातीला फुल थ्रॉटल अजिबात नाही.

अरे हो, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, आणि रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनवरच बसली पाहिजेत. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचे सर्कलिप (पिन धरून ठेवणाऱ्या छोट्या क्लिपा) नवेच टाका, बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा, एक जरी आत पडला तरी अख्खं इंजिन परत खोलावं लागतं.