कोणत्या सरांकडे पीएच.डी. करू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो: "मराठ्यांच्या इतिहासावर काम करायचंय. विभागात चार-पाच जण आहेत, सगळ्यांच्या नावापुढे 'मराठा कालखंड' लिहिलंय. मग कुणाकडे जाऊ?"

नावापुढचा कालखंड बाजूला ठेवा. ते कोणती लिपी वाचतात आणि कोणत्या दफ्तरात बसतात, हे आधी बघा. इतिहासकाराची खासियत त्यावर ठरते. पेशवाईचा महसूल, मराठे-मोगल संबंध आणि मराठे-पोर्तुगीज संबंध हे विषय अभ्यासक्रमात शेजारी-शेजारी छापलेले असतात. प्रत्यक्षात पहिल्याला मोडी लागते, दुसऱ्याला फारसी आणि तीही शिकस्ता, म्हणजे घाईच्या जोडाक्षरी वळणाची, तिसऱ्याला पोर्तुगीज आणि पणजीच्या पुराभिलेखागारात मुक्काम. यातल्या एकाचा जाणकार दुसऱ्यात तुमच्याइतकाच नवखा असू शकतो.

ओळखायचं कसं? त्यांचे अलीकडचे दोन-तीन लेख काढा आणि फक्त तळटीपा वाचा. रुमाल क्रमांक (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे आकडे) दिसले तर माणूस पुणे पुराभिलेखागारात बसलेला आहे. सगळ्या टीपा छापील खंडांच्या असतील तर ते छापील साधनांवर काम करतात. त्यात कमीपणा नाही, पण मर्यादा आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून ४५ खंड निवडून छापले, ते बरेचसे राजकीय पत्रव्यवहाराचे. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास हा हिशेबी माल बहुतांशी मोडीतच पडून आहे. दुष्काळ, बाजारभाव किंवा शेतसारा हा विषय घेऊन नुसत्या छापील खंडांवर बसलात, तर दुसऱ्या वर्षी अडाल.

मोडी येते म्हणणाऱ्याला काय काय येतं, हेही तपासावं लागतं. मुळाक्षरं महिन्याभरात येतात. पण मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, अनुस्वार बरेचदा गाळतात, आणि शिवकालीन वळण वाचणारा पेशवेकालीन घाईच्या अक्षराला अडखळतो. पैसे देऊन लिप्यंतर करून घेणारे विद्यार्थी इथेच फसतात. वाचक अडलेली जागा अंदाजाने भरतो, स्वच्छ देवनागरी कागद हाती येतो, आणि अंदाज कुठे होता हे कुणालाच कळत नाही. लिप्यंतर करून घ्यायचंच असेल तर शंकेची जागा कंसात ठेवायची अट घाला आणि मूळ कागदाची प्रतिमा शेजारी ठेवा.

खरी परीक्षा तारखांची. पेशवेकालीन कागदावर साल बहुधा शुहूर सनाचं (तेव्हाच्या दफ्तरातल्या कालगणनेचं) असतं, अरबी शब्दांत, एकंस्थान आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. यात ५९९ मिळवा, असं पुस्तकं सांगतात, १७६० येतं. पण हे साल मृग नक्षत्राला, जूनच्या आरंभाच्या सुमारास, सुरू होतं. जानेवारी ते मे या महिन्यांतल्या पत्राला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच ११६१ सालात पडते. ५९९ वर थांबलात तर ती वर्षभर आधीच होऊन जाते! आणखी एक खोच आहे. साल सौर, पण पत्रावरचा 'छ' आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे तितक्या तिथी एकाच सालात दोनदा येतात, एकदा सालाच्या आरंभी, मृगाच्या सुमारास, आणि पुन्हा सालाच्या अखेरीस. अशा वेळी जंत्री (तारखा जुळवायचं कोष्टक) दोन उत्तरं देते. मग वार, मुक्कामाचं गाव आणि मजकूर यांवरून निवड करायची. भावी मार्गदर्शकाला याबद्दल सहज विचारून बघा. उत्तर देताना ते खुलले, तर तुमचं काम झालं.

इंग्रज-पोर्तुगीजांच्या कागदांतही तारखांचा हा घोळ आहेच. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख इंग्रजांच्या जुन्या ज्युलियन पद्धतीची. पोर्तुगीज पद्धतीने तोच दिवस १६ जून येतो. दोन्हीकडची साधनं वापरणाऱ्या प्रबंधात कोणती पद्धत घेतली हे लिहिलं नसेल, तर घटनांचा क्रम दहा दिवसांनी सरकतो.

विषय एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला असेल तर लिपीची अडचण पुष्कळ कमी. तिथे मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, 'दीनबंधु', 'दीनमित्र', 'मूकनायक'सारख्या पत्रांचे अंक आणि मौखिक मुलाखती यांची सवय असलेले मार्गदर्शक शोधा. तुटक अंकांवरून निष्कर्ष कसे काढू नयेत, हे त्यांनाच ठाऊक असतं.

विषयाचं नावही त्यांच्या दफ्तराच्या मापाचं ठेवा. 'पेशवेकालीन समाजजीवन' हा प्रबंध एका आयुष्यात होत नाही. एक परगणा, पंचवीस-तीस वर्षं आणि एकाच प्रकारचे कागद, एवढं पुरे. तेवढ्यासाठीही २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर ही जमीन मोजायची कोष्टकं तोंडपाठ लागतात, शिवाय गावागणिक बदलणारी मापं वेगळीच.

शेवटी कारकुनी बाब, पण अनेकांचं वर्ष हिच्यापायी जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक राहू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सरांना भेटायच्या आधी संशोधन विभागात जाऊन रिक्त जागांचा तक्ता बघा.